दुसरी उशी

“आधी ते यंत्र शेडमध्ये टाक,” ग्लेनिस पलंगावरून म्हणाली. “आणि कमोडची खुर्चीही. परक्या माणसाला दिसायला नको ते सगळं.”

कीथने कपाळावर हात मारला. “अगं, तेच तर बघायला येतेय ना ती!”

“बघायला येतेय म्हणून काय उकिरडा दाखवायचा? माझी आई मरायच्या आदल्या आठवड्यापर्यंत दाराची पायरी घासत होती.”

आईची पायरी निघाली की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे चौतीस वर्षांच्या संसारात कीथ शिकला होता. तरी त्याने एकदा जीव तोडून सांगून पाहिलं. “समोरची पॉलीन म्हणाली, घर मुळीच आवरू नका. तिने आवरलं, तर तिचा मदतीचा अर्ज फेटाळला.”

“पॉलीनने आवरलं?” ग्लेनिस म्हणाली. “चमत्कारच म्हणायचा. जा, दाढी कर.”

कीथने यंत्र ढकलत बाहेर नेलं. ग्लेनिसला पट्ट्यांत घालून पलंगावरून उचलायचं आणि खुर्चीत ठेवायचं, असं ते चाकांचं धूड होतं. गोदीवर मासळी कापण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. आता या धुडाशी झटण्यात दिवस जात होता.

कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, ते भाड्याचं बैठं घर, झोपायच्या खोल्या दोन. माणसंही दोनच. पण नवरा-बायकोला खोली एकच लागते, असं लंडनमध्ये बसलेल्या कुणीतरी ठरवलं होतं. दुसरी खोली म्हणजे चैन! म्हणून भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत कापली गेली. हिवाळाभर हीटर अर्धा वेळ बंद ठेवूनही भाडं थकलंच. घर सोडून एका खोलीच्या फ्लॅटात जावं, तर तिथे हे सगळं मावणार कुठे? घरी येणाऱ्या नर्सने स्पष्ट सांगितलं होतं, तसं झालं तर ग्लेनिसला केअर होममध्ये ठेवावं लागेल. आता एकच आशा उरली होती. फार अडलेल्यांना कौन्सिल आपल्या अखत्यारीत खास मदत देई, आणि त्यासाठीच आज बाई घर बघायला येणार होती.

ती दुसरी खोली कसली चैन, ते कीथला विचारावं. ग्लेनिसला मज्जातंतूंचा आजार. झोपेत तिचे पाय आपोआप झाडले जात, आणि त्यावर तिचा काडीचा ताबा नव्हता. दोन वर्षांपूर्वी अशीच एक लाथ बसून कीथची बरगडी मोडली. तेव्हापासून तो मागच्या खोलीत झोपे, घडीच्या कॉटवर, डायपरच्या खोक्यांच्या आणि इस्त्रीच्या टेबलाच्या मधोमध.

पण हॉस्पिटलसारखा अरुंद पलंग घरात आणायला ग्लेनिस तयार नव्हती. “मग तू कुठे झोपशील?” ती विचारी.

“आता तरी मी कुठे तिथे झोपतो?”

“ते वेगळं. जागा तर आहे ना तुझी.”

त्यामुळे लग्नातला डबल पलंग तसाच राहिला, आणि त्यावर दुसरी उशीही. रोज सकाळी ग्लेनिस ती उशी कीथकडून ठोकून नीट करून घेई.

अकराला बाई आली. निकोला तिचं नाव, वय तिशीच्या आत, गळ्यात ओळखपत्र. ग्लेनिसने निळा स्वेटर घातला होता, ओठांना लिपस्टिक लावली होती. पलंगपोस जमिनीपर्यंत सोडून तिने हवेच्या गादीचा पंपसुद्धा झाकायला लावला होता. चांगल्या कपांत चहा झाला, बिस्किटं झाली.

“तुम्ही दोघं इथेच झोपता?” निकोलाने विचारलं.

कीथने तोंड उघडायच्या आत ग्लेनिस हसली. “मग काय, नवऱ्याला शेडमध्ये झोपवू? लग्न झालंय आमचं, पोरी!”

निकोलाही हसली आणि तिने काहीतरी लिहिलं. ते पेन कागदावर चालताना कीथला वाटलं, गेला आपला अर्ज.

मागच्या खोलीत कॉट मिटवून भिंतीला लावलेली होती. खोक्यांवर चादर, चादरीवर फुलदाणी. “छान ठेवलीय हो पाहुण्यांची खोली,” निकोला म्हणाली.

“माझी बहीण येते अधूनमधून!” ग्लेनिस पलीकडून ओरडली. ती बहीण अकरा वर्षांत कॅनडातून एकदाही आलेली नव्हती.

निकोलाने बॅग उचलली. ती दारापर्यंत पोचली, आणि कीथला एकदम केअर होमची लांबलचक खोली दिसली, टीव्हीपुढे ओळीने बसवलेल्या म्हाताऱ्या दिसल्या. ग्लेनिस अजून साठीचीही नव्हती.

“थांबा,” तो म्हणाला. “जाऊ नका.”

शेडमधून ते यंत्र ओढत त्याने थेट झोपायच्या खोलीत आणलं. मग कमोडची खुर्ची आणली.

“कीथ, नको,” ग्लेनिस म्हणाली.

“ती खोटं बोलली, मॅडम. सगळं खोटं.” त्याने शर्ट वर करून बरगडीवरचं टेंगूळ दाखवलं. “हे तिने केलंय, झोपेत. दोन वर्षं मी इथे झोपलेलो नाही. तिकडे ती फुलदाणी ठेवलीय ना, तिच्याखाली डायपर आहेत तिचे. रात्री तीनदा उठून मी तिची कूस बदलतो, तिला पुसतो. तिला स्वतःला काही म्हणजे काही करता येत नाही!”

ग्लेनिसने मान भिंतीकडे वळवली. तेवढं तिला अजून जमत असे.

“माफ करा, मला विचारावंच लागतं,” निकोला खाली बघत म्हणाली. “नियमात तर दोघांना खोली एकच. पण मी लिहिते सगळं.” तिने आधीचं खोडलं आणि उभ्याउभ्याच पानभर लिहिलं.

दोन दिवस ग्लेनिस कीथशी बोलली नाही. चहा, पाणी, कूस, एवढंच. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “चुकलं माझं.” ती म्हणाली, “नाही चुकलं. पण डायपर म्हणायची काय गरज होती रे?”

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मदत मंजूर, तेरा आठवड्यांपुरती.

“आणि मग?” ग्लेनिसने विचारलं.

“मग पुन्हा अर्ज. पुन्हा कुणीतरी बघायला येणार.”

“म्हणजे जन्मभर हेच,” ती म्हणाली.

पुढे तिने स्वतःच कीथकडून नर्सला फोन करवला. बाराव्या आठवड्यात दोन माणसं लोखंडी कठड्यांचा अरुंद पलंग घेऊन आली. लग्नातला पलंग सुटा करून त्यांनी फूटपाथवर ठेवला. कौन्सिलची गाडी येईपर्यंत तो दोन दिवस तिथे भिजत पडला होता. येता-जाता कीथ त्याच्याकडे बघायचं टाळत होता.

निकोला परत येणार होती त्या सकाळी कीथ कंगवा घेऊन आत आला.

“केस राहू देत,” ग्लेनिस म्हणाली.

“लिपस्टिक?”

“खुळा आहेस का? हा गाऊनही राहू दे, डाग पडलेला. यंत्र दारात आण, तिला वळसा घालून यावं लागलं पाहिजे. कमोड मधोमध ठेव.” जरा थांबून ती म्हणाली, “झाकण उघडून.”

कीथने सांगितल्यासारखं सगळं केलं. चौतीस वर्षांत या बाईने दूधवाल्यालासुद्धा केस विंचरल्याशिवाय दार उघडलं नव्हतं.

“अजून काही?” त्याने विचारलं.

त्या अरुंद पलंगावर, कठड्याच्या आणि तिच्या मध्ये, कीथची उशी उभी दाबून बसवलेली होती. रोज रात्री ग्लेनिस ती तिथे ठेवून घ्यायची, आणि त्याबद्दल दोघांपैकी कुणीच बोललेलं नव्हतं.

“ती घेऊन जा,” ग्लेनिस म्हणाली. “तिला दोन उशा दिसायला नकोत.”

त्याने उशी काढली. एका बाजूने ती कोमट होती. ठेवायची कुठे ते त्याला सुचेना, आणि तेवढ्यात बेल वाजली. उशी काखेत घेऊनच कीथ दार उघडायला गेला.