न दिलेली दवंडी

मी हलगी बोलतेय. गडहिंग्लजच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका खेड्यातली, आकारामच्या गळ्यातली. लाकडाचं कडं आणि त्यावर शेळीचं कातडं, एवढाच माझा देह. गावात लस टोचणारे येवोत की दुकानात रॉकेल, आधी मी वाजायची, मग आकाराम ओरडायचा.

गावात सहा खाटांचा सरकारी दवाखाना होता. आसपासच्या वाड्यांतल्या बायका तिथंच बाळंत व्हायच्या. अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात तिथल्या नर्स जुलेखाबाईंच्या हाती कागद पडला. दवाखाना महिनाअखेर बंद. खाली लिहिलं होतं, 'नऊ मार्च रोजी दवंडी देऊन सभा घेतली. कोणाचीही हरकत नाही.' त्याखाली आकारामचा अंगठा.

जुलेखाबाईंनी कागद पारावर वाचून दाखवला.

"आरं, दवंडी आमास्नी कशी ऐकू आली न्हाय?" म्हाताऱ्या बसव्वानं विचारलं. तिच्या सुनेला आठवा महिना होता.

"दिलीच न्हाय की," आकाराम म्हणाला. "लस टोचायची हाय म्हणून तालुक्याच्या साहेबानं कोऱ्या कागदावर आंगठा घेतला."

"मग सांग की वर."

"चावडीचं काम जाईल माझं, आक्का."

बसव्वा त्याच्याकडं पाठ करून उठून गेली. आकारामला ते शिवीपेक्षा जास्त लागलं.

जुलेखाबाईंनी कोल्हापूरला अर्ज धाडला. चौकशीला मोठे साहेब जीपनं आले. तालुक्याचा साहेब म्हणाला, "दवंडी झाली, लोकच आले नाहीत."

तेव्हा आकाराम मला गळ्यात घालून पुढं झाला.

"आंगठा माझा हाय साहेब. खरं त्या दिवशी ही हलगी गावातच नव्हती. फाटली हुती म्हणून गडहिंग्लजला इलाहीकडं दिल्ती."

आकारामनं बोलावून आणलेला इलाही गर्दीतून बोलला, "व्हय. नवं कातडं चढवून पंधरा तारखेला मीच आणून दिली. मग नऊ तारखेला ह्यांनी काय वाजवलं, डबा?"

लोक हसले. तालुक्याचा साहेब कागद चाळू लागला.

"आता द्या दवंडी," मोठे साहेब म्हणाले. "मी इथं बसतो."

तशी मी आयुष्यात वाजले नव्हते. गल्लीगल्लीतून, वाड्यावस्त्यांवरून आकाराम ओरडत फिरला, "दवाखाना ठेवायचा का न्हाय, इचारायला साहेब आल्यात हो!" उसाच्या फडातून माणसं कोयत्यासकट आली. बाया शेणाचे हात पदराला पुसत आल्या. पहिला अंगठा बसव्वाचा, तोही आकारामला शेजारी उभं करून. शाई संपली, तेव्हा जुलेखाबाईंनी जखमेला लावायचं जांभळं औषध आणलं.

बाराव्या दिवशी हुकूम रद्द झाला. वैशाखात बसव्वाला नातू झाला, याच दवाखान्यात. आकारामचं काम कुणी काढून घेतलं नाही.

आता पंचायतीनं भोंगा घेतलाय आणि मी खुंटीला असते. कातडं सैल पडलंय, तरी मी सुखात आहे, कारण परवा दवाखान्यात सातवी खाट आली. माझं एकच मागणं. गावाला विचारलं असं कुणी सांगितलं, तर एकदा गावात येऊन विचारा.