पत्रकावरचा फोटो

आमच्या प्रार्थनाघरात शेजारच्या वस्तीतल्या मुलांसाठी फुकट शिकवणी सुरू झाली होती. तिचं पत्रक छापायचं म्हणून चिटणीसकाकांनी मला कचेरीत बोलावलं आणि नमुना पुढे ठेवला. फोटोत फळ्यासमोर उभी असलेली माझीच लेक होती. खाली ओळ होती, ‘वस्तीतली मुलंही आता आमच्यात.’

“काका, ही वस्तीतली कुठे? हिच्या पणजोबांनी या इमारतीच्या विटा वाहिल्यात.”

“अगं, मला का ठाऊक नाही? पण वस्तीतलं कुणी फोटोला हो म्हणेना. आणि रंगाने ही अगदी त्यांच्यासारखीच दिसते. तू काय, घरचीच! कर सही, छापखानेवाला खोळंबलाय.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बोलायला तोंड उघडलं आणि मागच्या बाकावर नुकतीच येऊन बसलेली बाई दिसली. वस्तीतून मुलाचं नाव घालायला आली होती. ‘माझी मुलगी यांच्यातली नाही’ हे तिच्यादेखत ठणकावून सांगायचं? आणि मला अपमान वाटला तो नेमका कशाचा?

तेवढ्यात लेक धावत आली. “आई, मी छापून येणार?”

बाईने मान लांब करून फोटो पाहिला. “गोड आहे हो पोर. आमच्यातल्या कुठल्या गल्लीतली?”

मी पेन घेतलं, फोटोखालची ओळ खोडली आणि सही केली.

“अगं, मग आता खाली लिहू काय?” काका वैतागले.

“मला तरी कुठे कळतंय, काका?”