एक मीटर चाळीस वजा

मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती नव्हे, मित्रांनो. मी पाण्याची पातळी मोजते. अंगाने पिवळी, शंभर मीटर लांब, लोखंडी रिळावर गुंडाळलेली. माझ्या टोकाला पितळेचा एक जड तुकडा आहे, त्याला मी माझे नाक म्हणते. बोअरच्या पाइपातून मला हळूहळू खाली सोडतात. पाण्याला नाक लागले, की रिळातला भोंगा पीं करून वाजतो आणि लाल दिवा लागतो. मग पाइपाच्या तोंडाशी माझ्यावरचा आकडा वाचायचा. पाणी तेवढे खोल. इतके सोपे काम आहे, पण ते मी सोडून दुसऱ्या कुणाला जमत नाही, हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही.

एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या अंगावर सेंटिमीटर सेंटिमीटरने रेघा उमटवल्या आणि शेवटी बादलीत नाक बुडवून मला पहिल्यांदा वाजवले. भोंगा वाजताच त्या हसल्या. तेवढीच आमची ओळख, कारण दुसऱ्याच दिवशी मी खोक्यात बसून माझ्या नोकरीच्या जागी पोहोचले.

जमिनीखालच्या पाण्याबद्दल सल्ला देणाऱ्या चौघांचे ते कार्यालय होते. दोन खोल्या, एक लांब व्हरांडा आणि दगडांच्या नमुन्यांनी वाकलेले कपाट. पाण्याच्या कामात लोक पाण्यातूनच येत असतील, असे मला वाटे. छे! चौघे चार वाटांनी आले होते.

मोठ्या बाई खाणीतून आल्या. वीस वर्षे त्या खाणीत भूगर्भतज्ज्ञ होत्या. तिथे पाणी म्हणजे शत्रू. भिंतीतून झिरपले, की पंप लावून उपसायचे आणि बाहेर फेकून द्यायचे. "जन्मभर पाणी हाकललं, आता त्याच्या मिनतवाऱ्या करतेय," असे त्या म्हणत. बोलणे कमी, नजर करडी, आणि अहवालावर सही करण्याआधी पेन दोनदा खाली ठेवायची सवय.

मिस्त्री बोअर मारायच्या गाडीवरून आले. त्यांनी सातशेच्या वर बोअर मारल्या, पण गोष्टी मात्र कोरड्या गेलेल्यांच्याच सांगत. हाताला येईल ते दुरुस्त करायचे, हा त्यांचा स्वभाव. गुरुजी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले होते. आमची सगळी आकडेमोड त्यांच्याकडे. सहकाऱ्यांचे अहवाल ते लाल पेनने तपासत आणि खाली शेरा मारत. एकदा मोठ्या बाईंना 'अक्षर सुधारावे' असा शेरा मिळाला होता. तो त्यांनी अजून टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे.

आणि सिस्टर. चौदा वर्षे त्या डायलिसिसच्या वॉर्डात नर्स होत्या. ज्यांची मूत्रपिंडे थकली, त्यांचे रक्त यंत्रातून धुऊन घ्यावे लागते. त्याला किती पाणी लागते आणि ते किती शुद्ध लागते, हे पाहता पाहता त्यांना पाण्याचाच नाद लागला. पाठीने दगा दिल्यावर त्यांनी वॉर्ड सोडला, पाणी तपासायचे शिक्षण घेतले आणि आमच्याकडे आल्या. वॉर्डातली स्वच्छता मात्र सोबत घेऊनच. एका बोअरमधून बाहेर आले, की मला साबणाच्या पाण्यात बुडवून, खसाखसा घासूनच पुढच्या बोअरला न्यायच्या. "एकीचे जंतू दुसरीला द्यायचे नाहीत हं," असे मला दटावत. गुदगुल्या व्हायच्या, पण आवडायचे.

वाईट दिवसही आले. मध्यंतरी कार्यालयाने एक नवे यंत्र आणले. ते बोअरमध्येच लटकून राही आणि पातळी थेट फोनवर कळवी. माझी रवानगी कपाटात, मोडक्या छत्रीच्या शेजारी. दीड वर्ष मी भोंगा वाजवला नाही. पुढे ते यंत्र गाळात रुतून मुके झाले आणि मिस्त्रींनी मला बाहेर काढून फडक्याने पुसले. "म्हातारी अजून ठणठणीत आहे की!" ते म्हणाले. मी मनातल्या मनात पीं केले.

आता ती गोष्ट सांगते, जिच्यामुळे मी आज तुमच्याशी बोलते आहे.

एका लहान हॉस्पिटलला डायलिसिसचा विभाग सुरू करायचा होता. चार यंत्रे खोक्यांत येऊन पडली होती. प्रश्न होता तो पाण्याचा. आवारात तीन बोअर होत्या. ठरले असे, की दोन बोअरवरचे पंप महिनाभर जास्त वेळ चालवायचे आणि तिसरी नुसती पाहण्यासाठी ठेवायची. आधी एकदा मोजायचे, महिन्याने पुन्हा मोजायचे. पातळी मीटरभराहून जास्त उतरली, तर अहवालात 'नाही' लिहायचे आणि खोकी न उघडता दुसऱ्या हॉस्पिटलला जायची. हा नियम मोठ्या बाईंनी मोजायच्या आधीच कागदावर लिहून ठेवला.

पहिली मोजणी नीट झाली. शेवटी मोजलेल्या, पंपाच्या बोअरमधून वर येताना मात्र माझे नाक पंपाच्या वायरीत अडकले. मिस्त्रींनी हलक्या हाताने ओढले, तरी टोकाजवळ माझी आतली तार तुटली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटलेला भाग कापून टाकला आणि नाक पुन्हा जोडले. माझे पहिले एक मीटर चाळीस सेंटिमीटर गेले. म्हणजे आता माझा आकडा नेहमी तेवढा जास्त दिसणार. मिस्त्रींनी कागदाच्या पट्टीवर 'एक मीटर चाळीस वजा करणे' असे लिहिले, ती माझ्या रिळाच्या मागे चिकटवली आणि महिनाभराच्या रजेवर गेले. त्यांची मुलगी बाळंत व्हायची होती.

ती पट्टी पुढच्याच धुण्यात साबणाच्या पाण्यात विरघळली. जुने लेबल असेल, असे समजून सिस्टरांनी उरलेला कागदही घासून काढला.

महिना संपला. सिस्टर आणि गुरुजी मला घेऊन हॉस्पिटलात गेले. फाटकाशी एक ताई बसल्या होत्या. आठवड्यातून तीनदा बसने दोन तास जाऊन डायलिसिस करून घ्यायच्या. त्यांनी विचारले, "सिस्टर, पाणी पुरेल ना हो?"

"मोजून सांगते, ताई. आधी बोलत नाही," सिस्टर म्हणाल्या. मग मला उचलून त्या बोअरकडे वळल्या.

मी वाजले. आकडे उतरवले गेले. पहिली बोअर एक मीटर बेचाळीसने खाली. दुसरी एक मीटर बेचाळीसने. तिसरी एक मीटर एक्केचाळीसने. मला ओरडून सांगायचे होते, की पाणी तिथेच आहे, तुटले आहे ते माझे अंग. पण मला एकच शब्द येतो, आणि तो मी आधीच बोलून बसले होते.

कार्यालयात मोठ्या बाईंनी आकडे पाहिले आणि पेन उचलले. सिस्टर खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, थांबा जरा," गुरुजी म्हणाले. "मला हे पटत नाही."

"नियम आपणच लिहिलाय, गुरुजी. मनासारखं उत्तर आलं नाही म्हणून आकडे हलवायचे नाहीत."

"माझ्यासाठी म्हणत असाल तर नको," खिडकीपासून सिस्टर म्हणाल्या.

"तुमच्यासाठी नाही हो! छत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात मी. तीन पोरांचं उत्तर एकसारखंच चुकलं, की समजायचं, कॉपी झालीय. एक बोअर पंपाची, दुसरी पंपाची, तिसरीवर तर पंपच नाही. तरी तिघी एकाच मापानं उतरल्या? या पाण्याच्या चुका नाहीत. या एकाच वहीतून आल्यात."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग सगळ्यांनीच पाहिले.

मला व्हरांड्यात सरळ झोपवले आणि शेजारी नवी पोलादी टेप अंथरली. तिच्या शून्यापाशी माझे नाक ठेवले. तिचा पाचवा मीटर आला, तिथे माझ्यावर सहा मीटर चाळीस लिहिलेले होते. मोठ्या बाईंनी मिस्त्रींना फोन लावला. पलीकडे तान्हे बाळ रडत होते.

"अहो, चिठ्ठी लावली होती की रिळाला! एक मीटर चाळीस वजा!" मिस्त्री ओरडले.

"ती मीच धुऊन काढली," सिस्टर म्हणाल्या. मग त्या रडल्या आणि रडता रडता हसू लागल्या, कारण गुरुजींनी तोवर वजाबाकी करून टाकली होती. दोन सेंटिमीटर, दोन सेंटिमीटर, एक सेंटिमीटर. पाणी जवळजवळ हललेच नव्हते.

तरीही मोठ्या बाईंनी दुसऱ्या दिवशी पोलादी टेपने तिन्ही बोअर पुन्हा मोजून घेतल्या. मगच 'हो' लिहिले. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली : दुसऱ्या मोजणीत आमच्या टेपमुळे चूक झाली होती, ती अशी दुरुस्त केली.

हॉस्पिटलचे डॉक्टर वाचून म्हणाले, "हे लिहिलं नसतं तरी चाललं असतं. कुणाला कळणार होतं?"

"पुढच्या वर्षी जो मोजायला येईल, त्याला कळायला हवं," बाई म्हणाल्या.

मिस्त्री पेढ्यांऐवजी नातीचे फोटो घेऊन परतले. चूक त्यांनी स्वतःवर घेतली, सिस्टरांनी स्वतःवर घेतली, आणि दोघे त्यावरून चक्क भांडले. शेवटी मिस्त्रींनी अणकुचीदार खिळ्याने माझ्या रिळाच्या पत्र्यावरच ती वजाबाकी कोरली. दुखले थोडेसे. सिस्टरांनी लगेच साबण लावून घासून पाहिले. अक्षर गेले नाही.

मित्रांनो, यंत्रांची खोकी उघडली, त्याला आता तीन वर्षे झाली. दर महिन्याला आम्ही त्या आवारात जातो. ताई आता बस पकडत नाहीत. रस्ता ओलांडून चालत येतात आणि जाता जाता मला वाजताना ऐकायला थांबतात. मी सुखात आहे. आखूड झाले आहे, पण खोटी नाही, कारण माझे काय गेले आहे ते माझ्या अंगावर लिहिलेले आहे.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या हातून काही मोडले, तर ते फेकू नका, जोडा. जोडल्याची शाबासकीही घ्या. पण कुठे जोडले आणि किती कमी झाले, हे पुढच्या माणसाच्या तोंडावर सांगा, आणि मगच रजेवर जा.