त्याच वाटीतली साखर

सभागृह खच्चून भरलं होतं. व्यासपीठावर साखरेचं भूत उतरवणारे महाराज आणि माझी धाकटी जाऊ. महाराजांनी तिला पेलाभर काढा तोंडात घोळवून प्यायला लावला आणि वाटीतली साखर तिच्या जिभेवर ठेवली.

"काय लागतंय, पोरी?"

"वाळू!" ती रडतच म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट. महाराज गरजले, "साखरेचं भूत जिभेवर बसतं, हाडांत नाचतं आणि आमचा आवाज ऐकला की मागच्या दारानं पळतं!"

खरं सांगते, माझ्या पोटात दुखत होतं. आम्ही दोघी एकाच बेकरीत. पाव माझ्याकडं, केक तिच्याकडं. घरी कौतुक तिचं, आता इथंही तीच! 'भूत बेकरीत राहतं, नोकरी सोड,' असं महाराजांनी तिला बजावलं होतं. तीन आठवडे तिनं गोडाला हात लावला नव्हता, जेवणही निम्मं केलं होतं. परवा मात्र कोठारात जॅमची बरणी बोटानं चाटताना मला सापडली. "जाऊबाई, कुणाला सांगू नका हो. भूत परत आलं!" उद्या ती राजीनामा देणार होती. म्हणजे केक माझ्याकडं. मी तिला अडवलं नव्हतं.

पण तिच्या नावानं वाजणाऱ्या त्या टाळ्या काही ऐकवेनात. "मी काय पाप केलंय?" म्हणत वर चढले आणि त्याच वाटीतली चिमूट तोंडात टाकली.

गोडमिट्ट!

"महाराज, ही तर साखरच आहे!"

"तुझी श्रद्धा कच्ची!"

"श्रद्धा पक्की आहे. काढा तेवढा प्यायचा राहिलाय."

हशा पिकला. पुढच्या रांगेतल्या डॉक्टरीणबाई वर आल्या. पेल्याच्या तळाचा पाला त्यांनी चिमटीत धरला. "मधुनाशिनी. ही चघळली किंवा हिचा काढा तोंडात घोळवला की जिभेला काही वेळ गोड कळत नाही, बाकी सगळं कळतं. मीठ चाखून बघ."

"खारट लागतंय!" कुणीतरी आणून दिलेलं मीठ चाखून जाऊ चकित. "मग माझ्यातलं भूत? तीन आठवडे गोड बंद, जेवण निम्मं, तरी परवा जॅमची बरणी चाटलीच की!"

"जास्त साखर वाईटच. पण तिचं दारूसारखं व्यसन लागतं, हे माणसांत सिद्ध झालेलं नाही. अर्धपोटी राहून कडक बंदी घातलीस, म्हणून मन बरणीभोवती फिरलं. पोटभर जेव. गोड बेतानं खा, चोरून नको."

जाऊनं माझा हात घट्ट धरला. माझ्या तोंडातली साखर कडू झाली. "राजीनामा फाड," मी म्हणाले.

वळून बघते तर महाराज मागच्या दारानं पसार!

केक आजही तीच करते. फार सुरेख करते. माझ्या पोटात अजून दुखतं, ते माझं मी बघेन. देवाला मी रोज हात जोडते. पण आपली ओळख पटवायला देव कुणाची जीभ बधिर करत नाही. तेव्हा मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर त्याचा काढा बाजूला ठेवा आणि त्याच्याच वाटीतली चिमूट स्वतःच्या जिभेनं चाखा.