थोरलीवर रुसलेला कॉम्प्युटर

कॉम्प्युटर पुन्हा गपकन बंद पडला. ना सूचना, ना आवाज. स्क्रीन काळी ठिक्कर. थोरलीने कपाळावर हात मारून घेतला. कार्टून बनवणाऱ्या एका स्टुडिओत तिला नोकरी हवी होती. त्यासाठी तिने केलेली चिमणीची छोटीशी फिल्म संध्याकाळी सहाच्या आत पाठवायची होती.

सकाळपासून तिने काय नाही केलं? व्हायरस शोधला, नवे प्रोग्राम काढले, धाकटीचे गेमसुद्धा उडवले. दुखणं एक आणि औषधं छप्पन्न!

"माझे गेम गेले ते गेलेच," धाकटी फुरंगटली. "मी बसले की कसा शहाण्यासारखा चालतो! तुझ्यावरच डूख धरलाय त्याने."

"तोंड आवर!"

"अगं, भांडता काय?" आई हात पुसत आली. "यंत्राला काय कळतंय, थोरली कोण नि धाकटी कोण! फरक असेल तो तुमच्यात. आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ऊठ, मी बसते."

थोरलीने सांगितलं तशी आईने फिल्म चालवली, पंखांत रंग भरला. कॉम्प्युटर कुरकुरलासुद्धा नाही. घड्याळ मात्र पळत होतं.

"आता तू बस. हेच कर."

थोरली बसली. आई स्क्रीन सोडून तिच्याकडेच बघत राहिली.

"अशी बघू नकोस गं, मला काही सुचत नाही!" थोरली करवादली. टेबलाखाली तिचा पाय शिवणयंत्र चालवावं तसा थडथडू लागला, आणि स्क्रीन काळी.

"सापडलं!" आई खाली वाकली. "जीव टांगणीला लागला की तुझा पाय चालतो, तो या वायरीला लागतो, आणि पिन आहे सैल. धाकटीचे पाय इथवर पोचतच नाहीत."

आईने पिन दुसऱ्या सॉकेटमध्ये घट्ट बसवली, वायर मागे बांधून टाकली. कॉम्प्युटर सुरू झाला. थोरलीने घाईघाईने फिल्म उघडली आणि तिचा चेहरा उतरला.

"चिमणी शेवटी उडते ना, ते सगळं गेलं! सेव्ह होता होताच बंद पडला, तेवढा भाग बिघडला."

"वेळ किती आहे?"

"जेमतेम तास."

"मग रडायला नंतर बसू."

चार दिवस खपून काढलेली पिसं आता पुन्हा काढणं शक्यच नव्हतं. थोरलीने पंखांच्या जागी नुसत्या दोन रेषा ओढल्या. चित्र काढलं की सेव्ह, काढलं की सेव्ह. धाकटीसुद्धा चिडवायचं विसरून श्वास रोखून उभी होती. सहाला थोडा अवकाश असताना थोरलीने बटण दाबलं.

"गेली?" आईने विचारलं.

"गेली."

"झालीय कशी?"

"बघायला वेळ कुठे होता?" थोरली खुर्चीत जरा सरकली. "या, बसा इथे. आता बघू."