डाग पडद्यावर, शंका आत्याच्या डोळ्यावर

हो, मी जुना टीव्ही आहे, आणि माझ्या पडद्याच्या तळाशी एक मळकट पट्टा आहे. बघून घ्या एकदाचा. मित्रांनो, घरात कोणी आलं की त्याची नजर आधी तिथेच जाते, म्हणून म्हटलं, आपणच सांगून मोकळं व्हावं. पण त्या पट्ट्यावरून माझी किंमत ठरवणार असाल, तर जरा बसा. माझी बाजू ऐकल्याशिवाय मी कोणाला उठू देणार नाही.

माझं घराणं ओएलईडीचं. माझा जन्म अशा कारखान्यात झाला, जिथे धुळीच्या कणालाही आत यायची परवानगी नव्हती. पांढरे झगे घातलेली माणसं, त्यांचे फक्त डोळे दिसायचे. माझ्या इतर भाऊबंदांच्या पाठीमागे दिवे असतात आणि ते सतत जळत असतात. काळं दाखवायचं असलं की ते बिचारे दिव्यावर पडदा ओढतात, पण फटीतून उजेड झिरपतोच, आणि काळ्याचं राखाडी होतं. माझ्या पाठीमागे दिवा नाही. माझा प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. विझला की विझला! माझा काळा म्हणजे काळाच. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

दुकानात मात्र माझ्या गर्वाला कोणी विचारलं नाही. तिथे छतभर दिवे, आणि शेजारी दिव्यावाले टीव्ही डोळे दिपवत उभे. त्या झगमगाटात मी अगदी मवाळ दिसायचो. लोक यायचे, शेजाऱ्यापुढे थांबायचे, मला ओलांडून जायचे. दोन महिने मी एकच पोपट आणि एकच फूल दाखवत होतो.

मग एक दिवस आत्या आली. मी तिला 'अहो आत्या' म्हणत नाही, 'ती'च म्हणतो, आईला म्हणतात तसं. तिने एकतीस वर्षं एका फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत कृष्णधवल फोटो छापले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. ती विक्रेत्याला म्हणाली, "जरा काळं दाखवता का?"

"काळं?" तो हसला. "अहो मावशी, लोक रंग बघायला येतात."

"रंग मी नंतर बघेन. काळं जमलं की बाकीचे रंग आपोआप जागेवर बसतात."

तिने दोन्ही हातांची ओंजळ करून माझ्या पडद्याला टेकवली, वरचा उजेड अडवला आणि आत डोळा लावला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे नीट बघत होतं. बराच वेळ बघून ती म्हणाली, "हा. हाच घ्यायचा." एवढी मोठी वस्तू तिने स्वतःच्या मनाने पहिल्यांदाच निवडली होती.

घरात आत्याचा धाकटा भाऊ होता. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, एकटी आत्या 'बाळ' म्हणते. बाळाचं वय अडुसष्ट. शिवाय अण्णांचा मुलगा, म्हणजे आत्याचा भाचा, त्याची बायको आणि त्यांची मुलगी. भाच्याचं चष्म्याचं दुकान आहे, हे लक्षात ठेवा.

पहिले काही दिवस माझी चंगळ होती. नात जमिनीवर एका कडेला लोळत बघायची, सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून मान तिरकी करून बघायच्या, तरी माझे रंग कुठूनही फिके पडत नसत. चेंडू कितीही जोरात मारला तरी त्यामागे शेपूट दिसत नसे. माणसाच्या गालावरचा रंग गालावरच राहायचा, टोमॅटोसारखा व्हायचा नाही.

आता उणंही सांगतो. कोणी दुसऱ्याने सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. दिवाणखान्याला मोठी खिडकी आहे. भर दुपारी तिच्यातून ऊन आलं की माझा आरसा व्हायचा, आणि अण्णांना बातम्यांऐवजी स्वतःचं टक्कल दिसायचं. पडदाभर बर्फ दाखवायचा म्हटलं की माझा दम कमी पडायचा. "बर्फ मळलाय का रे?" असं अण्णा विचारायचे. कॅमेरा सावकाश सरकला की माझं चित्र जरासं अडखळतं. अगदी काळ्याच्या उंबरठ्यावरचे करडे रंग कधीकधी मला नीट उलगडत नाहीत. आहेत हे दोष, आणि जन्माचे आहेत. पण पट्टा जन्माचा नाही, मित्रांनो. तो मला या घराने दिला.

अण्णांनी छत्तीस वर्षं विजेच्या उपकेंद्रात काढली. भिंतीवरचं एखादं बटण उगाच चालू दिसलं की त्यांचा जीव खालीवर होतो. रिमोटवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "रिमोटने तो नुसता झोपतो," ते म्हणायचे, "लाल दिवा जळतोय म्हणजे वीज खातोय." हात धुवायला उठले तरी भिंतीवरचं बटण खट्ट! इतका काटेकोर माणूस, नावं तरी कशी ठेवायची?

पण माझी एक गरज होती. चार-पाच तास काम झालं की माझे काही ठिपके जास्त थकतात, काही कमी. मग मला रिमोटने बंद करायचं आणि वीज तशीच राहू द्यायची. मी काळोखात काही मिनिटं बसून सगळ्या ठिपक्यांना सारखं करतो. आमची आंघोळच म्हणा ना. हे सगळं माहितीपुस्तकात लिहिलं होतं. ते पुस्तक अण्णांनी खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटात जपून ठेवलं होतं. रोज सहा तास ते बातम्यांची एकच वाहिनी लावायचे, खाली लाल पट्टी धावायची, तिथलेच ठिपके सगळ्यात जास्त थकायचे, आणि उठताना खट्ट! चौदा महिने मला आंघोळ नाही. तुम्ही चौदा दिवस राहून दाखवा.

आठव्या महिन्यात एका निळ्या आभाळाच्या चित्राखाली आत्याला तो पट्टा दिसला. तेव्हा तो इतका पुसट होता की माझा मलाच जेमतेम जाणवत होता.

"बाळ, खाली काहीतरी मळकट दिसतंय रे."

अण्णांनी उन्हातच बघितलं. "मला नाही दिसत. ताई, तुझ्या डोळ्यात असेल."

भाच्याने तिला दुकानात नेऊन अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. तिने शेवटची ओळ घडाघडा वाचली. तरी घरी आल्यावर तो म्हणाला, "आत्या, ऑपरेशननंतर असं वाटतं कधीकधी. मनावर घेऊ नकोस."

तिने मनावर घेतलं. माझ्यासमोर बसून ती आधी एक डोळा झाकायची, मग दुसरा. एके दुपारी शिवणाच्या डब्यातून रीळ काढून तिने नातीला विचारलं, "हा दोरा काळा आहे की निळा गं?" मित्रांनो, एकतीस वर्षं जिने काळ्याच्या दहा छटा अंधारात ओळखल्या, ती हे विचारत होती. मला ओरडून सांगावंसं वाटलं, अगं, डाग माझ्यावर आहे, तुझ्या डोळ्यात नाही! पण माझ्या तोंडात शब्द दुसऱ्यांचेच असतात. त्या दिवशी मला स्वतःचा जितका राग आला, तितका कधीच आला नाही.

चौदाव्या महिन्यात पट्टा सगळ्यांना दिसू लागला. तेव्हा कोणीतरी म्हणावं ना, आत्या, तुझं खरं होतं? छे! अण्णा म्हणाले, "ताईने निवडलेला टीव्ही, दीड वर्षही टिकला नाही." दिसत नव्हता तेव्हा आत्याचा डोळा खोटा, आणि दिसला तेव्हा आत्याची निवड खोटी. दोन्हीकडून मार एकटीलाच.  हल्ली ती स्वतःच्या मताने काही सांगायचीच बंद झाली होती.

भाच्याने मला बदल्यात देऊन दिव्यावाला नवीन टीव्ही घ्यायचं ठरवलं. शनिवारी दुपारी दुकानाची दोन माणसं त्याला घेऊन आली आणि त्यांनी त्याला माझ्याशेजारी टेबलावर उभा केला. मला तपासून किंमत ठरवायला दुकानाची दुरुस्तीवाली बाईही आली. बाहेर रणरणतं ऊन होतं. नवीन टीव्ही लावला आणि खोली उजळून निघाली. खरं सांगतो, त्या उन्हात मी त्याच्यापुढे पार फिका पडलो. अण्णा खूश झाले. "याला म्हणतात टीव्ही!"

तेव्हा आत्या कोपऱ्यातून उठली. "हा जायच्या आधी दोन्हींवर एकच फोटो लावा. मी चुकले का, ते मला बघायचंय."

"आत्या, आता कशाला?" भाचा म्हणाला.

"मला बघायचंय," ती पुन्हा म्हणाली. नातीने तिचं ऐकलं. खिडकीचे पडदे ओढले आणि आत्याने पूर्वी छापलेला एक फोटो मोबाईलवरून दोन्हींवर लावला. रेल्वेच्या बोगद्याच्या तोंडाशी एक माणूस हातात कंदील घेऊन उभा आहे, एवढाच फोटो. नव्याने आपलं सगळं बळ लावलं. त्याचा बोगदा राखेसारखा दिसत होता आणि कंदिलाभोवती धुकं पसरलं होतं. मी बोगद्याचे सगळे ठिपके विझवले आणि फक्त कंदील पेटवला, अगदी काचेवरच्या काजळीसकट. त्या माणसाचा अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात गेला. माझा पट्टाही त्या काळोखात कुठेच दिसेना.

 खोकं उचलणाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "आयला, आत शिरावंसं वाटतंय." आत्याने एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि दोन्ही उघडे ठेवून ती बघत राहिली.

दुरुस्तीवाल्या बाईने मग माझ्यावर कोरा पांढरा पडदा लावला. पट्टा लख्ख उघडा पडला. मी काही तोंड लपवलं नाही. तिने विचारलं, "वापर झाला की भिंतीवरचं बटण बंद करता का?"

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. "म्हणजे काय, करायलाच हवं," अण्णा छाती काढून म्हणाले.

तिने आंघोळीची गोष्ट समजावून सांगितली आणि मला तासभर आंघोळ घातली. चौदा महिन्यांनी! चहा झाला, पुन्हा पांढरा पडदा लागला. पट्टा निम्म्याहून फिका झाला होता. "उरलेला जळलाय," ती म्हणाली, "तो जायचा नाही. पट्टा कधीपासून दिसतोय?"

"सहा महिने झाले," आत्या म्हणाली.

बाई चकित झाली. "सहा महिन्यांपूर्वी दिसला तुम्हाला? तेव्हा आम्हालाही असा पडदा लावल्याशिवाय कळला नसता. तेव्हाच बोलावलं असतं, तर कदाचित सगळा गेला असता."

"मी सांगितलं होतं," आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "बाळ, तू म्हणालास, डाग माझ्या डोळ्यात आहे. आणि तू रे, डोळ्यांचं दुकान चालवतोस ना? मी शेवटची ओळ वाचली तरी तू टीव्हीपाशी येऊन बघितलं नाहीस."

भाच्याने मान खाली घातली. "चुकलं, आत्या."  अण्णा खिडकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. भाच्याच्या सांगण्यावरून दुकानाच्या माणसांनी नवीन टीव्ही पुन्हा खोक्यात भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनी स्वतः खिडकीचा पडदा ओढला आणि बातम्या बघितल्या. उठताना त्यांचा हात सवयीने बटणाकडे गेला, आणि तिथेच थांबला. त्यांनी रिमोटने मला बंद केलं. मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "ताई, संध्याकाळी जरा बघशील का गं? पट्टा वाढतोय का ते. मला काही तुझ्याइतकं दिसत नाही."  आतून आत्या म्हणाली, "बघते."

मित्रांनो, मला दया नको. डाग आहे, तो राहील, आणि माझ्यासारखा काळा रंग तरीही त्या दुकानातल्या कोणाला जमणार नाही. वस्तू जपायची असेल तर आधी तिला काय लागतं ते वाचा; नुसतं बटण बंद केलं म्हणजे काळजी घेतली असं होत नाही. आणि घरात कोणी म्हणालं की डाग दिसतोय, तर उठा, जवळ जा, बघा. त्याच्या डोळ्यांना नावं मागाहूनही ठेवता येतात. आता समोरून जरा बाजूला सरका पाहू. आत्याला दिसत नाहीये.