वादळ पिणाऱ्या बाबांचा दगड

दगडाला घाम फुटला आणि सभागृहात एकच गलका झाला.

"बघा, बघा! वादळाच्या धसक्याने रडतोय बिचारा!" वादळबाबा गरजले. टेबलावरच्या करड्या दगडावरून खरंच थेंब ओघळत होते. शेजारी शेगडी पेटलेली. बाबांनी दगड हळूच शेगडीकडे सरकवला, डोळे मिटले, गाल फुगवले. "मी आता वादळ पितोय. हात लावाल तर जळून खाक व्हाल!"

अर्ध्या तासात दगड कोरडा ठणठणीत. "प्यायलो!" म्हणत बाबांनी ढेकर दिली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दाराशी बाळाला कडेवर घेऊन सासूशेजारी उभ्या असलेल्या सुनेने मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. सकाळीच रेडिओवर सांगितलं होतं, संध्याकाळी मोठं वादळ, ओढ्याकाठच्यांनी शाळेच्या वरच्या मजल्यावर जावं. कोण वर पोचलं ते टिपायला गल्लीतल्या बावीस घरांची यादी तिच्याकडे होती. गेल्या महिन्यात वर जाण्याच्या सरावाला सगळे पिशव्या घेऊन हौसेने आले होते. आज खरी वेळ आली, तर एकही घर हलेना. तिचं स्वतःचंसुद्धा.

"आई, निघू या ना," ती सासूला म्हणाली.

"अगं, पोराला शिंक आली तरी तुला वादळ वाटतं! बाबा प्यायले ना आता?"

ती घाबरट होती, हे खरंच. किल्ली, बटण, चप्पल, बाळाच्या तोंडात जाणारं सगळं ती झडप घालून काढायची. "शी! हात लावू नको" हीच बाळाची अंगाई. पण घाबरटाचे डोळे उघडे असतात. घरून निघताना तिने पाहिलं होतं, बरणीतल्या मिठाला पाणी सुटलेलं. मागच्या वेळी दगड रडला, तेव्हाही सुटलं होतं.

जवळून बघते म्हणत ती टेबलाशी गेली. बाळाने हात पुढे केले. या वेळी ती मुद्दाम छताकडे बघत राहिली. बाळाने दगडाला मिठी मारली आणि सपकन जीभ लावली.

"पोर जळेल गं!" सासू किंचाळली.

पोर जळलं नाही. तोंड वाकडं केलं, आणि पुन्हा चाटलं.

सुनेने बोट लावून चाखलं. "मीठ आहे हे! दमट हवेत ओलं होतं, शेगडीपाशी वाळतं."

"अश्रू खारटच असतात, मूर्ख बाई!" बाबा कडाडले.

तेवढ्यात दूधवाल्याने दगड उलटा केला. "हे बघा, दोरीचं भोक! ही गुरांची चाटण वीट आहे. बाबा, तुम्ही गोठ्यात आशीर्वाद देऊन गेलात, तेव्हापासून माझी गाय खुंटा चाटतेय!"

सगळे खो खो हसले. सून हसली नाही. "हसायचं ते वर जाऊन हसा. वीट ओली झाली म्हणजे हवा दमट आहे, एवढंच. वीट वाळवली म्हणून वादळ वाळत नाही. उचला पिशव्या!"

संध्याकाळी ओढा सभागृहाच्या खिडकीला टेकला. शाळेच्या वरच्या मजल्यावर तिने यादीवर खुणा केल्या. बावीसच्या बावीस घरं हजर. इतक्यात जिन्यावरून ओलेचिंब बाबा धापा टाकत आले.

सासूने त्यांना टॉवेल दिला. "काय हो, एवढं प्यायलात, तरी इतकं उरलं कसं?"

वीट गोठ्यात परत गेली. गाय रोज थोडा थोडा चमत्कार चाटते आहे. वादळ कुणी पीत नसतं. तेव्हा रेडिओ ऐका, पिशवी भरून ठेवा, वेळेत वर चढा. आणि कुणी "हात लावू नका" म्हणालं, तर आधी हात लावून बघा.

शेगडी सोडून.